कोकणात तीरकमठा शिकायचाय? पहिलं सामान स्वस्तात आणि डोकं लावून कसं घ्यायचं

भातकापणी उरकली, मळे सुकले की आमच्याकडे कुणीतरी विचारायला येतंच, की धनुष्यबाण शिकायचाय, पारंपरिक वाला, तर सुरुवातीला काय घेऊ आणि कितीत होईल. विचारायला येईपर्यंत निम्म्या लोकांनी मोबाइलवर फोटो बघून एखादं ४० पाउंडाचं काळं चकचकीत धनुष्य कार्टात टाकून पण ठेवलेलं असतं. तर पहिलं काम, ते कार्टातनं काढा. बाकीचं खाली सांगतो, थोडं लांबेल पण नीट वाचा म्हणजे पैसे दोनदा जाणार नाहीत.

आधी पारंपरिक म्हणजे काय ते बघू. २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि तेव्हापासून पोरं तसलंच धनुष्य मागतात. ते कंपाउंड, टोकांना चाकं, मधे केबली, नेम धरायला भिंग, तार सोडायला हातात वेगळं यंत्र, आणि किंमत ऐकून घरचे बाहेर काढतील. आपण बोलतोय ते साधं, एक काठी एक तार एक बाण, नेम डोळ्याने आणि सवयीने. राजस्थानच्या लिंबारामने लहानपणी बांबूच्याच धनुष्यावर हात बसवला आणि पुढे १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिम्पिक खेळला, १९९२ ला बीजिंगला ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली (ते अर्थात स्पर्धेच्या धनुष्यावर), पण सुरुवात कशावर झाली ते बघा. म्हणून स्वस्त सामानाची लाज वाटून घ्यायची गरज नाही, फक्त स्वस्त आणि भंगार यातला फरक कळायला हवा.

पैशाची वाटणी मी रुपयात अशी करायला सांगतो: सात आणे धनुष्याला, पाच आणे बाणांना, दोन आणे हात सांभाळायच्या सामानाला, आणि उरलेले दोन आणे जादा तार, मेण, गोंद असल्या किरकोळीला. टार्गेट फुकटात होतं, ते पुढे येईलच. बहुतेक जण चौदा आणे धनुष्यात घालून बसतात आणि मग उरलेल्या दोन आण्यात मिळतील ते चार वेगवेगळे बाण उचलतात, आणि मग महिनाभर म्हणतात नेमच लागत नाही. नेम लागणार कसा, प्रत्येक बाण आपापल्या घरी चाललाय.

आधी स्वतःचं माप काढा

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी घरीच कळतात. पहिली म्हणजे तुमची ओढ, म्हणजे तार किती इंच मागे येते. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही हात आडवे ताणायचे, आणि एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत शिंप्याच्या टेपने इंचात माप घ्यायचं. त्याला अडीचने भागा. ६५ इंच आलं तर ओढ साधारण २६, ६८ आलं तर २७ च्या थोडं वर. अगदी काटेकोर नाही हे, पण खरेदीपुरतं चालतं.

दुसरी, तुमचा जोरकस डोळा कुठला. दोन्ही हात पुढे करून अंगठा आणि तर्जनी जोडून मधे छोटी खिडकी करा, त्यातनं समोरच्या माडाचं एखादं शहाळं बघा, आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने शहाळं खिडकीतच राहतं तो तुमचा डोळा. उजवा डोळा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे धनुष्य डाव्या हातात धरायचं आणि तार उजव्याने ओढायची. लोक इथे हमखास गोंधळतात, डावा हात धनुष्य धरतो म्हणून डावखुरं धनुष्य मागवतात. गावठी बांबूच्या धनुष्याला बाण टेकायचा कट्टा नसला तर ते दोन्हीकडून चालतं, पण कट्टा कापलेला असेल तर बाजू ठरलेली असते, मग बदलता येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, वजन, म्हणजे तार ओढायला लागणारा जोर. धनुष्यावर २५ पाउंड लिहिलेलं असतं म्हणजे २८ इंच ओढलं की २५. तुमची ओढ २६ असेल तर इंचाला साधारण दोन पाउंड कमी धरा, म्हणजे तुमच्या हाताला एकवीसच्या आसपास. मोठ्या माणसाने पहिलं धनुष्य २० ते २५ पाउंडाचं घ्यावं, बारीक अंगाच्या माणसाने किंवा नववी-दहावीतल्या पोराने १६ ते २०, त्याहून लहानांना १० ते १४. हे आकडे ऐकून जिमवाले नाराज होतात. पण नांगर धरणारा, नारळाची पोती उचलणारा माणूस सुद्धा ४० पाउंडावर शिकायला लागला की खांदा वर चढवतो, मान आखडतो, तार गालापर्यंत यायच्या आधीच सोडून देतो, आणि ती खोड एकदा लागली की सुटत नाही. तार ओढायला लागणारे पाठीचे स्नायू इतर कुठल्या कामात तसे वापरले जात नाहीत, ते हळूहळूच तयार होतात.

दुकानात तपासायचं असं: धनुष्य पूर्ण ओढा, दहा सेकंद धरा, हळूच परत आणा, असं पाच-सहा वेळा. हात थरथरला किंवा दात आवळायला लागले तर ते तुमचं नाही, कितीही सुंदर असो. आणि बाण न लावता तार कधीही सोडायची नाही, गंमत म्हणून सुद्धा नाही, कारण बाणात जाणारा सगळा जोर मग धनुष्यातच उलटतो आणि पाती, म्हणजे धनुष्याची वाकणारी बाजू, फुटते. दुकानदार स्वतःच तुम्हाला तार टणकारून दाखवत असेल तर त्या दुकानातनं काही घेऊ नका.

लेबलवर विश्वास नसेल, आणि गावठी धनुष्यावर तर लेबलच नसतं, तर भंगारवाल्याकडे तो हुकाचा ताणकाटा असतो ना, तो पाच मिनिटं मागून घ्या. बाणावर आपल्या ओढीच्या मापाला पेनाने खूण करा, हूक तारेच्या मधोमध अडकवा, खूण येईपर्यंत सरळ खाली ओढा आणि आकडा वाचा. १० किलो म्हणजे २२ पाउंड. काटा ९ ते ११ किलो दाखवतोय तर ठीक, १८ दाखवत असेल तर ते शिकायचं धनुष्य नव्हे.

धनुष्य कुठलं

माझं सरळ मत, ज्याला एकच धनुष्य घ्यायचंय आणि दोन-तीन वर्षं वापरायचंय त्याने लाकडी मुठीचं सुटं होणारं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घ्यावं, ज्याला टेकडाउन म्हणतात. मधली मूठ वेगळी, वरची-खालची पाती वेगळी, स्क्रूने जोडायची. एक तर ते मोडून शाळेच्या दप्तरात मावतं, एसटीत चढताना कंडक्टर प्रश्न विचारत नाही. दुसरं म्हणजे आज २० ची पाती घेतलीत आणि वर्षाने हात तयार झाला तर फक्त २६ ची पाती आणायची, मूठ तीच. तिसरं, पातीवर फायबरग्लासचा थर असतो त्यामुळे आपल्या दमट हवेचा त्याला फारसा फरक पडत नाही. उंची बघताना ओढ २६ च्या आत असेल तर ६२-६४ इंच, २६ ते २८ ला ६६, त्याच्या वर ६८. धनुष्य फार आखूड घेतलं की तार बोटांना चिमटते.

सरळ काठीसारखा लाँगबो दिसायला झकास आणि हाताला थोडा हळुवार, पण सहा फुटी काठी घेऊन रिक्षात बसून दाखवा. घराजवळच सराव असेल तर खुशाल घ्या.

आता गावठी बांबू. कोकणात हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, कारण परसात बांबूचं बेट आणि वाडीत कुणीतरी सांगणारा असतोच की आमचे आजोबा करायचे. उत्तरेला पालघरकडे वारली, रायगडात कातकरी, यांच्याकडे तीरकमठा पिढ्यान् पिढ्या होता. तेव्हा जाणता कारागीर मिळाला तर नक्की त्याच्याकडूनच घ्या, आणि जास्त घासाघीस करू नका, सुकलेला बांबू सांभाळण्यात त्याचं वर्ष गेलेलं असतं. फक्त घेताना नीट बघून घ्या. सिंधुदुर्गातला माणगा भरीव असतो, तो चांगला. धनुष्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे नेम धरताना जे लक्ष्याकडे असतं तिकडे, बांबूची वरची हिरवट-पिवळी चामडी अखंड पाहिजे, कारण ताण सगळा तीच झेलते, ती तासून गुळगुळीत केली असेल तर धनुष्य दिसायला छान आणि आयुष्याला कमी. मग धनुष्याचं एक टोक कागदावर दोन-चारदा हलकं आपटा. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत कीड आहे, तसंच परत द्या. भोकं दिसत नसली तरी भुकटी खोटं बोलत नाही. शेवटी कुणाला तरी ओढायला लावा आणि तुम्ही चार पावलं मागे जाऊन बघा, वरची आणि खालची बाजू सारखी वाकते का. एकाच जागी कोपरासारखं मोडत असेल, किंवा एक बाजू काठीसारखी ताठ आणि दुसरी वाकलेली, तर ते पुढेमागे त्याच जागी तुटणार.

ओल्या बांबूचं धनुष्य कुणी चार दिवसांत करून देतो म्हणाला तर घेऊ नका, ते महिन्याभरात वाकडंच होऊन बसतं, तार काढली तरी सरळ होत नाही. लाकडात धामण मिळाली तर उत्तम, लवचिक आणि चिवट, म्हणून तर अवजारांच्या दांड्यांना ती वापरतात. साग या कामाला नको, तो दारं-खिडक्यांना राहू द्या.

पोराला शाळेच्या स्पर्धेत उतरवायचं असेल तर इंडियन राउंड नावाचा प्रकार विचारा, तो बांबूच्या-लाकडाच्या धनुष्यावरच खेळतात आणि शालेय स्पर्धांत तो असतो. स्पर्धेत शिरायची हीच सगळ्यात स्वस्त वाट. पण घ्यायच्या आधी जिल्ह्याच्या कोचला भेटून नियम विचारून घ्या, काय चालतं काय नाही ते, नाहीतर हौसेने आणलेलं धनुष्य मैदानाबाहेर ठेवायला लागतं.

पीव्हीसी पाइपचं धनुष्य बनवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो पाइप मऊ पडतो, उन्हात पडून जुना झाला की कडक होऊन तडकतो, आणि तडकतो तो तोंडासमोर. नको.

सेकंडहँड मिळत असेल तर मात्र नाही म्हणू नका, लोक हौसेने घेतात आणि माळ्यावर टाकतात. तार चढवून धनुष्य टोकाकडून एका डोळ्याने बघा, तार पातीच्या बरोबर मधनं गेली पाहिजे, एका बाजूला सरकलेली दिसली तर पाती पिळलेली आहे. मग कापसाचा बोळा पातीवरनं सावकाश फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे फायबर उठलंय किंवा बारीक चीर आहे. हळू ओढताना कटकट आवाज आला तर तिथेच थांबायचं. बंद गाडीत उन्हात महिनोन् महिने पडलेलं धनुष्य असेल तर पातीतला गोंद सुटतो, ते विचारूनच घ्या.

बाण, इथे कंजूषपणा करू नका

धनुष्य मध्यम असलं आणि बाण एकसारखे असले तर तुम्ही शिकता. उलटं असेल तर नाही शिकत. सुरुवातीला सहा पुरेत, पण सहाही एकाच लांबीचे, एकाच वजनाचे, एकाच कडकपणाचे.

कडकपणाला स्पाइन म्हणतात. तार सुटली की बाण आधी वाकतो, धनुष्याच्या अंगावरनं वळसा घालून जातो आणि मग सरळ होतो. फार ताठ असला तर तो वळसा घेतच नाही, उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे जात राहतो. कार्बनच्या बाणावर जो आकडा असतो तो जितका मोठा तितका बाण मऊ, कारण तो आकडा मापतो बाण किती वाकला ते: २८ इंच अंतराच्या दोन आधारांवर ठेवून मधे ८८० ग्रॅम वजन लटकवायचं, एक इंच खाली आला तर स्पाइन १०००. आपल्या २०-२५ पाउंडाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून मोठा आकडा लागतो. दुकानात पडून असतात ते ५०० चे, कारण ते कंपाउंडवाले घेतात, आणि दुकानदार म्हणतो सगळ्याला चालतात. नाही चालत हो.

लांबी तुमच्या ओढीपेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा. शिकताना ओढ वाढते, आणि आखूड बाण मागे येऊन कट्ट्यावरनं घसरला तर तो धनुष्य धरलेल्या हातात शिरतो. लांब बाण थोडा मऊ वागतो, आपल्याला तेही बरंच आहे.

वजनाला पारंपरिक धनुष्यासाठी पाउंडाला आठ ते दहा ग्रेन धरतात. २५ पाउंडाला २५० ग्रेन म्हणजे साधारण १६ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराकडे जा, त्याच्या काट्यावर सहाही बाण एकेक करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. अर्ध्या ग्रॅमच्या आत फरक असेल तर सुरुवातीला खूप झालं. फार हलका बाण धनुष्याला निम्मा रिकामी तार सोडल्यासारखाच वाटतो, म्हणून वेगासाठी हलका बाण हा सल्ला या धनुष्यांना लागू नाही.

कशाचा घ्यायचा? फायबरग्लासचे बाण सगळ्यात स्वस्त आणि दणकट, जरा जड, पहिल्या दोन महिन्यांना ठीक, पण हाताला कूस लागते त्यामुळे ओढून काढताना फडकं वापरा. लाकडी बाण पारंपरिक धनुष्याला शोभतात आणि मी तेच वापरतो, पण सुताराकडनं गोल दांडी करून आणून बाण बनवू नका, जोपर्यंत लाकडाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जात नाही. रेघ मधेच बाजूने बाहेर पडत असेल तर सुटताना बाण त्याच तिरक्या रेघेत फाटतो आणि ते टोक मनगटात जातं. बारीक भरीव बांबूचे बाण गावात कुणी करत असेल तर पेरं घासलेली आणि आगीवर शेकून सरळ केलेली बघून घ्या. कार्बन सरळ आणि टिकाऊ, पण आपटला की आत चिरतो आणि बाहेर कळत नाही. त्यामुळे दरवेळी मारायच्या आधी कार्बन असो की लाकूड, दोन्ही टोकं धरून हलकं वाकवायचं, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी, कानाजवळ धरून. कुर्र आवाज आला की तो बाण मोडून टाका, बाजूला ठेवू नका, कारण बाजूला ठेवलेला बाण संध्याकाळी पोरं उचलतात.

सरळपणा बघायला घरातलं सपाट टेबल घ्या. बाणाचं पिसाकडचं टोक काठाच्या बाहेर राहू दे, बाकीचा टेबलावर, आणि तळहाताने लोटा. सरळ बाण आवाज न करता गडगडत जातो. वाकडा टकटक टकटक करतो आणि लोखंडी टोक वरखाली नाचताना दिसतं. सहापैकी कुठला टकटकतोय ते ऐकून त्यावर खूण करा, तो बाण पाच मीटरच्या सरावाला ठेवा.

मागे पिसं असावीत, प्लास्टिकचे पंख नकोत. आपण बाण धनुष्याच्या कट्ट्यावर किंवा मुठीवर टेकून मारतो, पिसं घासली तर दबतात आणि पुढे जाऊन परत उठतात, प्लास्टिक आपटून बाण उडवतं. चार-पाच इंची तीन पिसं, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, ते धनुष्यापासून लांब ठेवायचं. रंगाचं मात्र आपल्या भागात ऐका: लाल आणि तपकिरी घेऊ नका. आपली माती लाल, गवत दिवाळीनंतर तपकिरी, बाण दोन हातांवर असून दिसत नाही. पिवळा, पांढरा नाहीतर तो डोळ्यात खुपणारा गुलाबी.

मागची खाच, नॉक, तारेवर कशी बसते तेही बघा. बाण तारेला अडकवून खाली लोंबत सोडा, तो लटकला पाहिजे, आणि तारेला बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीनेही पडत नसेल तर खाच घट्ट, आपोआपच पडत असेल तर सैल, आणि सैल खाच म्हणजे कधीतरी रिकामी तार सुटणार.

टोकं साधी गोल-निमुळती. पात्याची, धारवाली टोकं शिकाऱ्याची, ती घ्यायचीच नाहीत. आणि बागेत माकडं येतात म्हणून धनुष्य घेतो म्हणणारे दरवर्षी असतात, त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. वानर, डुक्कर, ससा, मोर, कशावरच नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि २५ पाउंडाच्या बाणाने जनावर मरत नाही, अंगात बाण घेऊन आठवडाभर तडफडतं.

तार आणि बाकीची किरकोळ

लाकडी-बांबूच्या धनुष्याला डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची तार, थोडी ताणते त्यामुळे धनुष्याला झटका बसत नाही. नवीन प्रकारच्या न ताणणाऱ्या तारा, फास्टफ्लाइट वगैरे, धनुष्यावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच. मच्छीमारांच्या जाळ्याचा नायलॉन दोरा मजबूत असतो म्हणून लोक त्याचीच तार करतात, पण नायलॉन ओढला की लांबतच जातो, त्याची तार नको. मधे जिथे बोटं आणि बाण लागतात तिथे गुंडाळी करायला मात्र तोच दोरा मस्त चालतो. तार मागवताना धनुष्याची लांबी सांगा, रिकर्व्हला तार त्याहून चार इंच कमी असते, लाँगबोला तीन. दोन तारा घ्या, एक नाही, कारण तार तुटते ती नेमकी रविवारी. तारेला मधमाशीचं मेण चोळत राहायचं. मेणबत्तीचं मेण नको, ते सुकून पापुद्रे सुटतात.

तार चढवायला स्ट्रिंगर म्हणून एक साधी दोरी मिळते, दोन्ही टोकांना खिसे असलेली. स्वस्त असते, घ्याच. पायात अडकवून धनुष्य वाकवायची जुनी पद्धत पाती पिळवटते आणि निसटली तर सरळ तोंडावर येते.

बोटांना चामड्याचा टॅब किंवा तीन बोटांचं हातमोजं. टॅब चांभाराकडे जुन्या चामड्याच्या तुकड्यातनं तुम्हीच कापून घेऊ शकता, गुळगुळीत बाजू तारेकडे. हाताच्या आतल्या बाजूला पट्टा बांधा, जुन्या जीनच्या पायाचा तुकडा आत पुठ्ठा घालून शिवला तरी चालतो. पहिल्या आठवड्यात तार कोपराजवळ लागतेच, निळं-काळं होतं, पट्टा असला तर शिकायचं सोडून देत नाही माणूस.

टार्गेट आणि जागा

दोन गोणपाटं घ्या, एकात एक घाला, आणि जुन्या साड्या, चादरी, बनियन ठासून ठासून भरा. बटणं, चेन, हूक सगळं काढून. काठीने ठोकत भरा, जितकं घट्ट तितकं बरं, आणि तोंड सुतळीने शिवा. २५ पाउंडाचा बाण यात थांबतो आणि दोन बोटांनी निघतो. पेंढ्याच्या जाडजूड पेंढ्या आवळून बांधल्या तरी होतात, पण गुरं असलेल्या घरी आधी विचारा. थर्माकोल दोन दिवसांत गळून जातो आणि कचरा सगळा शेतात.

मागे काय आहे ते टार्गेटपेक्षा महत्त्वाचं. २५ पाउंडाचा बाण मोकळा सुटला तर शंभर मीटरच्या पुढे जातो. मागे मातीचा बांध किंवा चढ हवा. जांभ्याचा गडगा मागे असेल तर चुकलेला बाण तिथे फुटतो किंवा उलटा येतो, पुढे मातीचा ढीग किंवा पेंढा लावून घ्या. जुनं जाळं सैल टांगलं तर बाणाचा जोर कमी करतं, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. सड्यावर मोकळी जागा असते म्हणून सगळे तिकडे जातात, कातळाला लागलेल्या बाणाचं टोक बोथट आणि दांडी गेलेली. समुद्रकिनारा तर अजिबात नाही, माणसं कुठून चालत येतील सांगता येत नाही, वारा बाण वळवतो आणि खाचेत वाळू बसते. कापणीनंतरचा मळा सगळ्यात छान, माती मऊ, बांध आहेच. तिथेही गुराखी पोरं कुठनं येतात ते ठरलेलं असतं, त्या वाटेकडे पाठ करूनच मारा, आणि बाण आणायला एकजण गेला की बाकीच्यांनी धनुष्य खाली.

सुरुवात पाच मीटरवरनं करा. लाज नको, उलट डोळे मिटून मारा, पोत्यात कुठेही लागू दे, फक्त तार गालाच्या त्याच जागी आली का आणि बोटं आपोआप सुटली का ते बघा. नेम नंतर.

पावसाळा धरून खरेदी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सामान वापरण्यापेक्षा सांभाळायलाच जास्त लागतं. बांबूचं किंवा एकाच लाकडाचं धनुष्य दमट हवा पितं, मऊ पडतं, वजन उतरतं आणि वापरलं तर वाकडं बसतं. ते तार काढून दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं, भिंतीला तिरकं टेकवून नाही. ज्यांच्याकडे अजून चूल पेटते त्यांनी चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं तर धुराने कीड पण लागत नाही, फार जवळ मात्र नको. पिसं भिजली की चपटी होतात आणि कोरडी ठेवली तर कसर खाते, डब्यात दोन डांबरगोळ्या टाका. लोखंडी टोकं खारट हवेने आठवड्यात गंजतात, शिवणयंत्राचं तेल पुसून ठेवा. चामड्याच्या टॅबवर बुरशी येते ती येणारच, सुक्या फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवा, उन्हाची वाट बघू नका.

त्यामुळे बांबू-लाकडाचं धनुष्य दिवाळीनंतर घ्या, म्हणजे पूर्ण कोरडा मोसम हातात असतो आणि काही खोट असेल तर मार्चपर्यंत कळते, कारागीर पण तोवर बदलून देतो. मेमध्येच घ्यायचं असेल तर फायबरग्लासच्या पातीचं टेकडाउन घ्या आणि पावसाळाभर पडवीत पोतं टांगून पाच मीटरवर मारत राहा. दाराला आतून कडी लावून ठेवा मात्र, पावसात भिजलेला माणूस हाक न मारता थेट पडवीत शिरतो.